रंगमंचासाठी ‘ब्लॅक लाइट’ निवडताना

कडप्पा जिल्ह्यात १८८५ साली सुरू झालेली आणि आज हैदराबादेत नांदणारी ‘सुरभी’ नाट्यपरंपरा पौराणिक नाटकांतील चमत्कारदृश्यांसाठी ओळखली जाते. अशा दृश्यांत अतिनील दिवा, म्हणजेच ‘ब्लॅक लाइट’ योजायचा असल्यास वॅटआधी तरंगलांबी पाहावी. ३९५ ते ४०५ नॅनोमीटरचे एलईडी स्वस्त. पण त्यांच्या जांभळ्या उजेडात काळी दोरी आणि ती ओढणारा हात दोन्ही दिसतात. क्लबात ते खपते, नाटकात भ्रम मोडतो. तेथे दृश्य प्रकाश अडवणाऱ्या काळ्या काचेचा, ३६५ नॅनोमीटरचा दिवाच घ्यावा. धुलाई पावडरीतील द्रव्यामुळे काळ्या पोशाखाला चिकटलेला पांढरा धागाही लखलखतो. तो रंगीत तालमीतच शोधावा. २५४ नॅनोमीटरचे जंतुनाशक दिवे मात्र डोळे व त्वचा भाजतात; नट-प्रेक्षकांवर ते कदापि सोडू नयेत.