शिशाच्या नळीतला कागद

सुझुकी कोजी यांची १९९१ सालची ‘रिंग’ ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांना सिनेमामुळे ठाऊक असेल. तिची मांगा रूपांतरंही निघाली. या रहस्याच्या तळाशी आहे सादाको. तिची अतींद्रिय शक्ती आईकडून वारशाने आलेली. आई एका प्राध्यापकाच्या प्रयोगांत सामील होते, वर्तमानपत्रं तिच्यावर तुटून पडतात आणि शेवटी ती ज्वालामुखीत उडी घेते. या आईवर मिफुने चिझुको या खऱ्या स्त्रीची छाया आहे, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. आज आपण तिच्याकडे वळू.

चिझुको कुमामोतोची. बंद पाकिटातली अक्षरं तिला दिसतात, अशी ख्याती होती. तोक्यो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फुकुराई तोमोकिची यांनी १९१०मध्ये तिच्यावर प्रयोग केले. आज आपल्याला हसू येईल. पण क्ष-किरणांचा शोध १८९५चा. न दिसणारे किरण हाडांपर्यंत पोचतात, हे नुकतंच कळलेल्या काळात हा प्रश्न वेडगळ नव्हता.

सप्टेंबर १९१०मध्ये तोक्योत जाणत्यांसमोर परीक्षा झाली. भौतिकशास्त्रज्ञ यामाकावा केनजिरो यांनी शिशाच्या नळीत कागद घालून दिला. चिझुकोने अक्षरं अचूक सांगितली, पण ती त्या नळीतली नव्हती; सरावासाठी फुकुराईंनी दिलेल्या दुसऱ्या नळीतली होती! संशय पसरला. जानेवारी १९११मध्ये तिने विष घेतलं. वय अवघं चोवीस. दुसरी प्रयोगपात्र, नागाओ इकुको, पुढच्याच महिन्यात आजाराने गेली. फुकुराईंनी १९१३मध्ये या विषयावर पुस्तक काढलं आणि त्यांना विद्यापीठ सोडावं लागलं.

इथे तर्काचा एक साधा भेद आपण पाळायला हवा. ‘दावा सिद्ध झाला नाही’, ‘दावा खोटा आहे’ आणि ‘ही बाई लबाड आहे’ ही तीन वेगळी विधानं आहेत. नळीच्या अदलाबदलीने पहिलं सिद्ध होतं. दुसऱ्यासाठी आणखी पुरावा लागतो. तिसऱ्यासाठी तर हेतूच तपासावा लागतो. लोकांनी मात्र पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली. यामाकावांची कडक परीक्षा योग्यच होती. शिसं वापरलं नसतं तर आपणच त्यांना नावं ठेवली असती. चूक झाली ती परीक्षेनंतर.

कादंबरीत सादाकोला शक्तीसोबत आईचा अपमानही वारशाने मिळतो. शक्ती रक्तातून उतरते, याला पुरावा नाही. अपमान पिढ्यानपिढ्या उतरतो, हे आपण गावोगाव पाहतो. तेव्हा दावा तपासताना हयगय नको, आणि तो फसला तर माणसाला फाडून खाणंही नको.