उंदीर पडला की गाव सोडायचं

आमच्या घाटाखालच्या गावांत जुनी माणसं सन सांगत नसत. 'पलेगाच्या वक्ती', 'मानमोडीच्या साली' असा त्यांचा हिशेब. प्लेग १८९६ साली मुंबईत आला आणि रेल्वेनं, धान्याच्या पोत्यांतून आतल्या मुलखात पसरला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही आमची स्टेशनं त्याच रुळावर.

हाफकिनची लस १८९७ मध्ये निघाली होती, पण खेड्यातला माणूस सुईला भ्यायचा. त्याचा उपाय एकच, गाव सोडणं. घरात उंदीर मरून पडला की निघायचं. मेलेल्या उंदराच्या पिसवा माणसाला चावतात, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये सांगितलं. ते पटायला डॉक्टरांनाही वर्षं लागली.

माझी आजी तेव्हा लहान पोर. ती सांगे, शेजारच्या गावची खबर आली की बाया रातभर दळत, कारण जातं वावरात नेता येत नसे. धान्य उन्हात पसरून, पाखडून मगच बंडीत भरायचं. आधी पेरणीचं बी, मग मडकी, तवा, घोंगड्या. जनावरं पुढं. वावरात पऱ्हाट्यांचा कुड, वर कडबा, झाली खोपडी. मागं घराची कौलं काढून ऊन आत सोडायचं. उन्हाळा तापला, साथ उतरली की माघारी.

पण ज्याचं वावर त्याची खोपडी. बिनवावराच्या मजुरानं कुठी जावं? आमच्या पणज्यानं धुऱ्यावर चार घरांना जागा दिली. जागा दिली, विहीर नाही दिली. पाणी वरून ओतायचे. आजी हे लपवीत नसे.

२२ जुलै २०२३ ला संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांत पाऊस कोसळला, नदीनाल्यांचं पाणी गावांत शिरलं. पुराच्या आधी उंदीर पडत नाही. म्हणून मिरग लागायच्या आत मी सातबारा, राशनकार्ड, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आढ्याला टांगतो. गोठ्यातल्या दाव्याला एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारतो.

एक काम मात्र एकट्याचं नाही. उंचावरचं घर कोणाचं, आणि नदीकाठच्या कोणत्या घरानं रात्री कोणाचं दार वाजवायचं, हे गावानं बसून आधीच ठरवलं पाहिजे. आणि या खेपेला पाणी एकाच माठातलं.