छाप आणि नाव : वैनगंगाकाठच्या बिडीपासून डोमेनपर्यंत

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील त्याच्यासारखी गावे धानाच्या शेतीवर जगत आली. परंतु शेतीची कामे आटोपल्यावर या मुलखातील असंख्य कुटुंबांच्या चुली ज्या धंद्याने पेटत्या ठेवल्या, तो बिडीचा धंदा होय. जंगलातला तेंदूपत्ता आणि बाहेरून आलेला तंबाखू कारखानदाराकडून घ्यावा, मांडीवर सूप ठेवून बिड्या वळाव्यात आणि दर हजारी मजुरी पदरात पाडून घ्यावी, अशी ही व्यवस्था होती. वळणाऱ्या हातांचे कसब गावोगाव सारखेच असल्यामुळे एका कारखान्याचा माल दुसऱ्याच्या मालाहून वेगळा ओळखावयाचा, तो कट्ट्यावर चिकटवलेल्या लेबलावरून. आणि गिऱ्हाईक बहुधा निरक्षर असल्यामुळे त्या लेबलावर एखादा प्राणी, आकडा वा तसबीर असे. ती छाप म्हणजे शेकडो अनोळखी माणसांनी एका कारखानदारापाशी ठेवलेला विश्वास होता, आणि म्हणूनच ती चोरण्याजोगी होती.

१९४० पूर्वी ब्रिटिश हिंदुस्थानात व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा नव्हता. १८८९ च्या कायद्याने खोट्या चिन्हाबद्दल शिक्षा सांगितली होती. तथापि आपली मालकी जगजाहीर करावयाची तर व्यापाऱ्याने दस्तनोंदणीच्या कचेरीत प्रतिज्ञालेख नोंदवावा, वर्तमानपत्रात जाहीर इशारा छापावा, आणि इतके करूनही कोणी छाप उचललीच तर वहिवाटीचा पुरावा घेऊन दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी, हाच मार्ग होता. १९४० च्या कायद्याने नोंदवही आली. पण न्यायाची कसोटी बदलली नाही. १९६२ साली ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या तंट्यात सर्वोच्च न्यायालयाने विचार केला तो सामान्य बुद्धीच्या आणि अपुऱ्या स्मरणाच्या गिऱ्हाइकाचा : त्याची फसगत होण्याचा संभव आहे काय, एवढाच प्रश्न. नावे फसवी ठरली. परंतु पहिल्या मालकाने दुसऱ्याचा व्यापार दीर्घकाळ मुकाट्याने चालू दिला होता, म्हणून ‘लक्ष्मणधारे’ची नोंदणी उत्तर प्रदेशापुरती मान्य झाली. नावाला प्रांताची सीमा घालता येत होती, तोवर असा तोडगा शक्य होता.

इंटरनेटने ती सीमाच पुसून टाकली. डोमेन नाव साऱ्या जगात एकच असते, आणि जो प्रथम मागेल त्याला ते अल्प फी घेऊन, चौकशीवाचून मिळते. मुंबईच्या ‘रेडिफ’ कंपनीला याचा प्रत्यय लवकरच आला. तिच्या ‘रेडिफ डॉट कॉम’शी एका अक्षराचाच फरक राखून दुसऱ्या एका संस्थेने ‘रॅडिफ डॉट कॉम’ घेतले, आणि आपले नाव काही इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून सिद्ध झाले आहे, असा खुलासा केला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अजित शहा यांनी एप्रिल १९९९ मध्ये तो खुलासा अमान्य करून मनाई हुकूम दिला. डोमेन नाव हा केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हाइतक्याच संरक्षणास ते पात्र आहे, हे तत्त्व त्या निर्णयाने महाराष्ट्रात रुजवले. पुढे २००४ साली ‘सिफी’ आणि ‘सिफीनेट’ यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने, डोमेन नावांसाठी स्वतंत्र कायदा नसतानाही, दुसऱ्याचा लौकिक आपला म्हणून खपवू नये, हाच जुना नियम लागू केला.

मधल्या काळात कंपन्यांनी न्यायालयाबाहेरचीही वाट शोधली. ऑक्टोबर १९९९ मध्ये संमत झालेल्या डोमेन नावांच्या जागतिक तंटानिवारण धोरणानुसार फिर्यादीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नाव आपल्या चिन्हासारखे आहे, समोरच्याला त्यावर हक्क नाही, आणि त्याने ते दुष्ट हेतूने घेऊन वापरले आहे. मुंबईच्या बेनेट कोलमन कंपनीने २००० सालीच या मार्गाने आपल्या दोन वृत्तपत्रांची नावे परत मिळवली. ‘डॉट इन’ नावांसाठी २००५ पासून भारताचे स्वतःचे धोरण आहे. याखेरीज कोणी नोटीस पाठवतो, कोणी मुकाट्याने किंमत मोजतो, तर कोणी चुकीच्या अक्षरजुळणीची नावेही आधीच घेऊन ठेवतो. तथापि नोंदणी करणाऱ्या संस्थांनी एखादे नाव कायमचे अडवून ठेवावे, ही मागणी मात्र २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाने हिंदुस्थान युनिलिव्हरच्या दाव्यात मान्य केली नाही. यंत्राने चालणारी नोंदणी प्रत्येक नावाची पारख करू शकत नाही, हे न्यायालयाने ओळखले.

या साऱ्या इतिहासात जपण्याजोगी गोष्ट एकच आहे : कायदा नावाचे रक्षण करतो ते मालकाच्या वैभवासाठी नव्हे, तर भोळ्या गिऱ्हाइकाच्या विश्वासासाठी. म्हणूनच बलाढ्य कंपनीने फिर्यादीचा धाक घालून एखाद्या लहान माणसाचे प्रामाणिक नाव हिरावू पाहिले, तर तोही जागतिक तंटानिवारण धोरणात दोष मानला गेला आहे, आणि तसा तो मानला जाणे न्याय्यच होय. आज भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे, २०१४ पासून मराठी अक्षरांत ‘डॉट भारत’ची नावे मिळू लागली आहेत, आणि धान पिकवणाऱ्याला आपला माल थेट दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत नेणे शक्य झाले आहे. जुन्या कारखानदाराने दस्तनोंदणीच्या कचेरीकडे जी धाव घेतली, तीच या शेतकऱ्यांनी आपले नाव नोंदवण्यासाठी वेळीच घ्यावी. कारण वहिवाट सिद्ध करण्यास साक्षीदार लागतात, वर्षे लागतात आणि पैसा लागतो, आणि या तिन्ही गोष्टी लहान उत्पादकापाशी मोठ्या कंपनीइतक्या कधीच नसतात.