नरक्या: सह्याद्रीतल्या एका झाडाच्या व्यापाराचा इतिहास

नरक्या हे सह्याद्रीच्या निमसदाहरित रानातले लहान झाड. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना. साल करडी आणि सुरकुतलेली, पाने रुंद व फांद्यांच्या टोकांकडे दाटलेली. पावसाळ्यात त्याला पिवळसर पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके येतात आणि त्यांच्या दुर्गंधीने झाड दुरूनही ओळखू येते. फळे पिकली की जांभळट काळी होतात व प्रत्येकात एकच बी असते. साग किंवा किंजळाप्रमाणे इमारतीला याचे लाकूड लागत नाही, त्यामुळे जंगलाच्या हिशेबवह्यांत या झाडाला फार काळ स्थान नव्हते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मात्र हेच झाड पोत्यांत भरून परदेशी जाऊ लागले.

त्याची पहिली नोंद मुंबईत झाली. टपाल खात्यातले अधिकारी जॉन ग्रॅहम यांनी मुंबई व परिसरातल्या वनस्पतींची सूची तयार केली होती. ती छापून होत असतानाच, १८३९ मध्ये, खंडाळ्याला त्यांचे निधन झाले आणि उरलेले काम त्यांचे स्नेही जोसेफ निमो यांनी पूर्ण केले. या झाडाच्या नावात निमोंची आठवण आहे. ग्रॅहम यांनी ते प्रेम्ना या प्रजातीत घातले होते. पुढे ते मॅपिया आणि नंतर नोथापोडायटिस या प्रजातींत गेले. पुढची सव्वाशे वर्षे वनस्पतिशास्त्रज्ञांखेरीज फारसे कोणी त्याच्याकडे वळले नाही.

व्यापाराचे मूळ दुसऱ्याच खंडात आणि दुसऱ्याच झाडात आहे. कॅम्पटोथेका अक्युमिनाटा हा चिनी वृक्ष अमेरिकी कृषी खात्याने कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या बागेत लावला होता. मन्रो वॉल यांनी कृषी खात्यात असताना शेकडो वनस्पतींचे अर्क कर्करोगविरोधी चाचणीसाठी पाठवले, त्यात या वृक्षाचा अर्क प्रभावी ठरला. उत्तर कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्यातले द्रव्य वेगळे करून १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. त्या द्रव्याचे नाव कॅम्पटोथेसिन. वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारचा आणि त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण मुंबईचे. ज्या संयुगाच्या शोधात त्यांचा वाटा होता, त्याचा मोठा साठा त्यांच्याच राज्यातल्या डोंगरांत आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

ते कळले १९७२ मध्ये. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे प्रमुख टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी एन. विश्वनाथन यांनी नरक्यातून कॅम्पटोथेसिन मिळवून दाखवले. त्या वेळी या बातमीने जंगलावर काहीच परिणाम झाला नाही. रुग्णांवरच्या पहिल्या चाचण्यांत या द्रव्याच्या क्षाराने मूत्राशयाला गंभीर इजा होत होती आणि त्या थांबवाव्या लागल्या. औषधाचे भाग्य पालटले १९८५ मध्ये, त्याची क्रिया उलगडल्यावर. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सैल करण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे विकर त्याचा एक धागा तोडून पुन्हा जोडते. कॅम्पटोथेसिन तो जोड होऊच देत नाही, आणि भराभर विभागणाऱ्या पेशी त्यातच मरतात. मग मूळ द्रव्यात फेरबदल करून कमी घातक औषधे बनवण्यात आली. इरिनोटेकान जपानमध्ये विकसित झाले व १९९४ मध्ये तिथे वापरात आले. १९९६ मध्ये अमेरिकेने मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी इरिनोटेकानला आणि बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी टोपोटेकानला मान्यता दिली. दोन्ही औषधे वनस्पतीतून काढलेल्या कॅम्पटोथेसिनपासूनच तयार होतात. मागणीचा भार अखेर झाडावर पडला, तो इथून.

हा भार किती, ते साध्या हिशेबाने कळते. वाळलेल्या लाकडात सरासरी ०.३ टक्के द्रव्य धरले, तर १ टन सुक्या मालातून जेमतेम ३ किलो मिळते. मुळांत आणि सालीत प्रमाण जास्त, पानांत बरेच कमी. त्यामुळे तोडणारा बुंध्यापाशी थांबत नव्हता; झाड मुळासकट उपटले जात होते. खोड आणि मुळे कुऱ्हाडीने फोडून त्यांच्या ढलप्या उन्हात वाळवायच्या, पोत्यांत भरायच्या आणि दलालाकडे पोचवायच्या, असा हा धंदा. ढलपी झाली की झाड ओळखणेच अवघड, आणि चौकीवर पोते उघडले तरी आतला माल कशाचा, हे सांगायला जाणकार माणूस लागे. कोल्हापूर, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या घाटमाथ्यावर नरक्याची चोरटी तोड हा वनखात्यापुढचा नेहमीचा प्रश्न होऊन बसला. उपटणाऱ्याच्या हाती पडली ती दिवसाची मजुरी. किंमत वाढत गेली ती पुढच्या टप्प्यांवर.

कायद्यातही फट होती. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरची झाडे वाचवायला १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. पण त्याच्या मूळ यादीत साग, हिरडा, मोह, खैर, ऐन, किंजळ अशी तेव्हा मोलाची वाटणारी झाडे होती, नरक्या नव्हता. कोकणातले बरेचसे रान खासगी मालकीचे, म्हणून ही उणीव तिथे फार महाग पडली. राखीव वनात चोरी म्हणून गुन्हा नोंदवता येई. मालकीच्या रानात तोच माल कुठून आला, हे सिद्ध करणे कठीण जाई. बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठातील आर. उमाशंकर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटात नरक्याच्या वस्त्या तपासल्या. त्यांच्या अंदाजाने एका दशकात त्यांची संख्या किमान २० टक्क्यांनी घटली होती. झाडाच्या स्वभावाने ही घट आणखी जाचक होते. बी रुजायला काही महिने लागतात, आणि काही झाडांवर केवळ नरफुले येत असल्याने सगळी झाडे फळत नाहीत. मोठी झाडे गेली की खालची रोपेही विरळ होत जातात.

असाच पेच वॉल आणि वाणी यांच्याच दुसऱ्या शोधातही उभा राहिला होता. पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून त्यांनी टॅक्सॉल काढले आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. साल सोलली की वृक्ष मरतो, त्यामुळे अमेरिकेत त्या वृक्षावरून मोठा वाद पेटला. फ्रान्समध्ये पिएर पोटिए यांच्या गटाने युरोपीय यूच्या पानांतून आधीच्या पायरीचे द्रव्य काढून त्यापासून औषध बनवण्याची वाट दाखवली. पाने खुडली तरी झाड जगते, त्यामुळे सालीवरचे ओझे उतरले. नरक्याला अशी सोपी वाट लाभली नाही. २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी त्याच्या आत राहणारी, कॅम्पटोथेसिन बनवणारी बुरशी शोधली. मात्र प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशा बुरशींचे उत्पादन पिढ्यांगणिक घटत जाते, हा त्यातला मोठा अडसर आहे.

उरतो तो लागवडीचा आणि जपून तोडण्याचा मार्ग. नरक्या बुंध्याशी कापला, मुळे शाबूत ठेवली, तर त्याला जोमदार धुमारे फुटतात आणि काही वर्षांनी पुन्हा तोड घेता येते. दोन झाडांतल्या द्रव्याच्या प्रमाणात कित्येक पटींचा फरक असतो, म्हणून भरपूर द्रव्याची झाडे हेरून त्यांचीच रोपे वाढवणे लाभाचे ठरते. तेवढ्याच औषधासाठी मग कमी झाडे पुरतात. मुळांच्या मोहापायी जंगल खणून काढणे हा व्यापाराच्या दृष्टीनेही तोट्याचा सौदा होता, कारण त्यात उद्याचा मालही आजच संपत होता. राज्याच्या वनखात्याने औषधी वनस्पतींसाठी काही क्षेत्रे वेगळी राखली, त्यांत आंबा आणि आंबोली या ठिकाणची राने आहेत.

२००२ च्या जैविक विविधता कायद्याने या व्यापाराला प्रथमच वेगळी चौकट दिली. परदेशी कंपनीला भारतातली जैवसंपदा घ्यायची तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते आणि लाभातला वाटा द्यावा लागतो. गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून स्थानिक वनस्पतींची नोंदवही ठेवायची, तीत कोणते झाड कुठे व किती आहे हे लिहायचे, अशी तरतूद आहे. महाराष्ट्राचे राज्य जैवविविधता मंडळ २०१२ मध्ये नागपुरात स्थापन झाले. तोवर नरक्याच्या व्यापाराला दोन दशके होत आली होती आणि घाटमाथ्यावरची कितीतरी जुनी झाडे ढलप्या होऊन निघून गेली होती.