इमारतीची उंची आणि माणसाची हवा



माझे शिक्षण इयत्ता नववीपर्यंतचे. पुढचे जे काही वाचले ते कारखान्यांच्या फाटकांवरील सभा उरकल्यावर, रात्री, आणि बरेचसे एस. टी. त बसून. तेव्हा इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार तो एवढाच. पण उंच इमारतींचा विषय आज बारामतीत आणि इंदापुरातही निघू लागला आहे, आणि या विषयाचा इतिहास कामगाराच्या खोलीतून सुरू होतो. म्हणून मी उभा राहिलो.

उंची आपल्या मुलखाला नवी नाही. इंदापूरची मालोजीराजांची गढी उंचावर आहे, कऱ्हेकाठचा बाबुजी नाइकांचा वाडा भक्कम तटाचा आहे. पण ती उंची संरक्षणासाठी होती. जागेच्या भावासाठी माणसे एकावर एक रचण्याची कला मुंबईने प्रथम शिकवली.

1896 साली मुंबईत मांडवी भागात प्लेग शिरला. तीन-चार मजली घरे एकमेकांना चिकटलेली, मधल्या बोळात ऊन कधीच पोहोचत नसे. लोक पटापटा मरू लागले, गिरण्यांतले कामगार गावी पळाले, साचे बंद पडले. तेव्हा सरकारला हवेची आठवण झाली, आणि 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टचे एक अध्यक्ष ऑर नावाचे साहेब होते. त्यांनी 1912 साली मुंबईतील घरांतला उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिले होते; म्हणजे आपल्यासारखेच तेही व्याख्यानवाले! त्यांचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा होता. हा कोन ऐकून घाबरू नका. समोरच्या इमारतीची उंची दोन काठ्या असेल, तर मधली मोकळी जागा निदान एक काठी हवी, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतूनही आभाळ दिसेल, इतकाच त्याचा अर्थ. ऑरसाहेबांनी किती मजले बांधायचे हे विचारले नाही. सगळ्यांत खालच्या माणसाला काय दिसते, हे विचारले. माझ्या मते उंचीच्या वादात याहून शहाणा प्रश्न अद्याप कोणी विचारलेला नाही.

आता ट्रस्टचे गोडवे मी गाणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत त्याने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. उजेड आला, पण ज्यांच्यासाठी आणला ते शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागले.

पुढे 1920 साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बी. डी. डी. म्हणजे विकास खाते निघाले. बेत 50,000 खोल्यांचा होता, वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) मिळून 207 चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. कोरड्या सिमेंटच्या त्या इमारती लोकांना प्रथम तुरुंगासारख्या वाटल्या आणि पुष्कळ दिवस रिकाम्या राहिल्या. पण माणूस मोठा चिवट. त्याच चाळींतून व्यायामशाळा निघाल्या, भजनी मंडळे निघाली, आणि आमच्या युनियनी निघाल्या. सभेला हाळी द्यायची तर एका जिन्यावरून चारही मजल्यांना ऐकू जाई. चार मजल्यांच्या उंचीचा हा हिशेब कोणत्याही नकाशात लिहिलेला नसतो.

माझे वडील लोअर परळला बदली कामगार होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, आणि वर्षभराने आम्ही दहा बाय बाराची खोली सोडून इंदापूर तालुक्यात परत आलो. तेव्हा मुंबईतली सर्वांत उंच वस्तू माझ्या लेखी गिरणीची चिमणी होती.

गिरण्या बंद पडल्या तरी त्यांची सुमारे 600 एकर जमीन शहराच्या मध्यावर पडून होती. 1991 च्या विकास नियमावलीतील 58 व्या नियमाने ठरले की, गिरणी पाडून जागेचा विकास केला तर स्थूलमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या मैदानासाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाकडे. 1996 साली वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या भागाचा एकत्र विचार करा, असे सुचवले. पण 2001 साली नियम बदलला. वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेची. गिरणीची इमारत पाडून जी जागा मोकळी होईल ती हिशेबाबाहेर! एका वाक्याच्या दुरुस्तीने मैदाने नाहीशी झाली. पर्यावरणवादी मंडळी न्यायालयात गेली. 17 ऑक्टोबर 2005 ला उच्च न्यायालयात ती जिंकली, आणि 7 मार्च 2006 ला सर्वोच्च न्यायालयात हरली. निकालाचा मान राखून मी इतकेच म्हणतो की, मुंबईच्या मनोऱ्यांची उंची त्या दिवशी ठरली.

श्रीनिवास मिलच्या जागेवर 442 मीटरचा मनोरा योजला होता. तो अखेर सुमारे 280 मीटरवर थांबला, कारण विमानांच्या मार्गासाठी वरची उंची मंजूर झाली नाही. आकाशातल्या प्रवाशाचा विचार झाला. जमिनीवरच्या प्रवाशाचे काय झाले? गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, पण एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पूल अरुंदच राहिला. 29 सप्टेंबर 2017 ला पावसात त्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे गेली. त्याच वर्षी 29 डिसेंबरला कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहाला आग लागून 14 गेली.

कामगारांनाही घरे मिळाली, हे सांगितले पाहिजे. दत्ता इस्वलकरांसारख्यांनी बंद गिरण्यांच्या कामगारांची चळवळ वर्षानुवर्षे चालवली, तेव्हा 2012 साली सोडतीने 225 चौरस फुटांची घरे निघाली. वडिलांचा नंबर लागला नाही. त्यांच्या एका साथीदाराचा लागला, सतराव्या मजल्यावर. मी भेटायला गेलो तेव्हा लिफ्ट बंद होती. धापा टाकत वर पोहोचलो, तर म्हातारा खिडकीशी बसलेला. म्हणाला, "बाबा, हवा झकास आहे. पण चार दिवस खाली उतरलो नाही." तक्रार नव्हती हो त्याच्या बोलण्यात! उलट लिफ्टची वर्गणी भरल्याची पावती त्याने मला काढून दाखवली.

म्हणून मी उंचीच्या विरुद्ध नाही. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतल्या कुटुंबांना 2025 साली 40 मजली इमारतींत 500 चौरस फुटांची घरे मिळू लागली. 160 फुटांत संसार केलेल्या बाईला चाळीची महती सांगणारा मी कोण? फक्त डिसेंबर 2020 पासून मुंबई व काही क्षेत्रे वगळता राज्यभर एकच विकास नियमावली लागू आहे, आणि त्यात बारामती-इंदापूरच्या नगरपरिषदाही आल्या. नवा नकाशा आला की आपल्याकडे फ्लॅटचा भाव विचारतात. कोणी नगरपरिषदेत जाऊन समोरचा रस्ता किती फुटी आहे, आगीचा बंब आत वळेल का, दुसरा जिना कुठे उतरतो, पंधरा वर्षांनी लिफ्टचा खर्च कोण देणार, आणि मागच्या बैठ्या घराच्या अंगणात दुपारी ऊन राहील का, हे विचारताना मी अजून पाहिलेले नाही. नकाशा मागितला तर तो दाखवतात; मी दोनदा मागून पाहिला आहे.