उघडा तलाव की बंद नळी? शैवालशेतीचा मागोवा

शैवाल वाढवायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो: तलाव उघडा ठेवायचा की पाणी बंद नळीत खेळवायचं? या प्रश्नापायी आजवर बराच पैसा बुडालेला आहे.

सुरुवात १९५१ पासून करू. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात, कार्नेगी संस्थेसाठी, आर्थर डी. लिटल कंपनीने एका इमारतीच्या छतावर पातळ प्लॅस्टिकच्या नळ्यांत क्लोरेला वाढवून पाहिलं. महायुद्ध संपून सहा वर्षं झालेली. वाढत्या लोकसंख्येला प्रथिनं कुठून पुरवायची, ही तेव्हाची खरी काळजी. शैवाल वाढलं, पण उन्हात नळ्या तापत, आणि त्या थंड ठेवायच्या तर खर्च. असं महागडं अन्न भुकेल्याला परवडणार कसं?

त्याच दशकात बर्कलीच्या विल्यम ऑसवाल्ड यांनी शैवालाला वेगळंच काम दिलं: सांडपाणी साफ करण्याचं. जीवाणू पाण्यातली घाण कुजवतात, त्यांना लागणारा ऑक्सिजन शैवाल पुरवतं. त्यासाठी फूटभर खोलीचा, शर्यतीच्या ट्रॅकसारखा वळणारा तलाव पुरतो. त्यात पाणी सावकाश फिरत राहतं. शैवालाच्या चार जाती मिसळल्या तरी बिघडत नाही, कारण मुख्य काम पाणी साफ होण्याचं.

पुढे तेलटंचाईच्या काळात, १९७८ मध्ये, अमेरिकी सरकारने शैवालापासून इंधन काढायचा कार्यक्रम हाती घेतला. बंद नळ्या महाग, म्हणून न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला हजार चौरस मीटरचे उघडे तलाव बांधले. तिथे वाळवंटातली रात्रीची थंडी आडवी आली. शिवाय प्रयोगशाळेतल्या निवडक जाती उघड्यावर टिकेनात. स्थानिक शैवाल येऊन तलावाचा ताबा घेई. १९९६ मध्ये कार्यक्रम बंद झाला.

मग उघड्या तलावात स्पिरुलिना कशी जमते? तिला खारवट, अल्कधर्मी पाणी लागतं. त्यात बाकीच्यांचा निभाव लागणं कठीण. डुनालिएलाला तर मिठाचं दाट पाणी चालतं. म्हणजे राखण पाणीच करतं! आणि पूरक आहार म्हणून विकला जाणारा हा माल इंधनापेक्षा कितीतरी महाग, त्यामुळे खर्च निघतो.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी तलाव खणायच्या विचारात असाल, तर आधी जात ठरवा, मग तिला भाव काय मिळेल ते बघा, आणि मगच खड्ड्याचं माप घ्या.