वंशावळींत एकाच पुरुषाचीं अनेक आडनांवें

वंशावळी व कुलवृत्तांत संगणकावर ठेवण्याचा प्रघात आतां बराच रूढ झाला आहे. दप्तरें चाळणाऱ्यास या कामांत पहिली अडचण येते ती आडनांवाच्या रकान्याची. रकाना एक, आणि पूर्वज कागदोपत्रीं दोन-दोन, तीन-तीन आडनांवांनीं वावरत असतो. पुष्कळ संग्राहक अशा वेळीं वंशजांचें चालू आडनांव मूळपुरुषापर्यंत सर्वांस लावून मोकळे होतात. ही रीत आमच्या मतें सदोष आहे. तिच्या योगें पुराव्याचाच एक भाग पुसला जातो.

पेशव्यांचेंच घराणें घ्या. हे मूळचे श्रीवर्धनचे भट. बाळाजी विश्वनाथास १७१३ सालीं पेशवेपद मिळालें व पुढें हुद्दा हेंच घराण्याचें नांव झालें. त्याच्या वडिलांस 'पेशवे' असें लिहिलें तर जें पद त्यांस कधींच नव्हतें तें त्यांच्या गळ्यांत पडतें. उलट मोरोपंत पिंगळे शिवछत्रपतींचे पेशवे असूनही त्यांचें घराणें पिंगळेच राहिलें. नाना फडणवीस हे भानू, गोविंदपंत बुंदेले हे खेर, विठ्ठल शिवदेव विंचूरकर हे दाणी. कोठें हुद्दा, कोठें प्रांत, कोठें गांव. आडनांव पालटण्याचें कारण प्रत्येक ठिकाणीं निराळें, आणि तें कारण हाच इतिहास होय.

मग पुरुष ओळखावा कसा? जुन्या कागदांत पुष्कळदा आडनांव नसतेंच. 'बाळाजी जनार्दन', 'गोविंद बल्लाळ' असें स्वतःचें व बापाचें नांव येतें. (बल्लाळ म्हणजे बाळाजीच, हें नवख्यानें ध्यानांत ठेवावें, थोरल्या बाजीरावांच्या नांवापुढें 'बल्लाळ' येतें तें याच कारणानें.) नांवांची ही जोडी, गोत्र, वतनाचा गांव व काळ हीं जुळल्यावांचून दोन नोंदी एका पुरुषाच्या मानूं नयेत, आणि हीं जुळत असतां केवळ आडनांव भिन्न म्हणून दोन पुरुष कल्पूं नयेत. हा दुसरा प्रमाद अधिक घातक, कारण त्यानें सबंध शाखाच दुप्पट होते.

मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. तेव्हां भानु आणि भानू हा भेद लिप्यंतर करणाराचा, पूर्वजाचा नव्हे. त्यास वेगळें नांव समजूं नये. फडणीस व फडणवीस हीं रूपें मात्र कागदांत असतील तशींच उतरावीं.

१९८४ सालीं निघालेली जेडकॉम ही रचना वंशावळीच्या बहुतेक आज्ञावलींस समजते. तींत एका व्यक्तीखालीं कितीही नांवें देतां येतात, व पहिलें तें मुख्य गणलें जातें. प्रत्येक नांवास आधाराचा कागद जोडतां येतो. परंतु नांवाच्या तारखेस स्वतंत्र जागा नाहीं, ती टीपेंत लिहावी लागते. ग्रॅम्प्स या मोफत आज्ञावलींत तशी जागा आहे; शिवाय आडनांव हुद्द्यावरून आलें कीं स्थळावरून, हेंही नोंदतां येतें. आपल्या घराण्यांस ही सोय फारच उपयोगी आहे.

मुख्य नांव कोणतें ठेवावें, हा प्रश्न केवळ शोधाच्या सोयीचा आहे. त्या पुरुषाच्या हयातींतील कागदांत जें अधिक आढळतें तें वर ठेवावें. नाना फडणवीसांस भानू या आडनांवाखालीं कोणी शोधणार नाहीं. परंतु बाळाजी विश्वनाथाचे वडील भट याच आडनांवाखालीं सांपडले पाहिजेत.